बाळाच्या मानेला जायफळाचा वास

सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं. घड्याळ मी मुद्दाम पाहिलं, कारण मला जाग येऊन दीड तास झाला तरी बाळ झोपलेलंच होतं आणि आमचं बाळ अर्ध्या तासाच्या वर कधी झोपतच नाही. तिथून पुढे मी जो घोळ घातला तो ऐकताना चहा गार होईल तुमचा, आधी पिऊन घ्या.

बाळ पाच महिन्यांचं. डॉक्टरबाईंनी बजावलेलं, अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, गुटीसुद्धा नाही. सासूबाईंना ते पटत नव्हतं. जायफळाचे दोन वेढे सहाणेवर घासून चाटवले की लेकरू शांत झोपतं, असं त्या रोज म्हणायच्या. आणि मी रोज घाबरायचे. जास्त झालं तर? उठलंच नाही तर?

म्हणून मी वाकून बाळाला हुंगलं. मिरीचा वास. म्हटलं, स्वयंपाकघरातून येत असेल. थोड्या वेळाने पुन्हा हुंगलं. आता मिरी गेलेली, जायफळ आलेलं, मागून लवंग. अकरा वाजता तर ओल्या लाकडाचा वास, सहाणेवर खोड उगाळल्यासारखा. मी सासूबाईंना हाक मारली.

"आई, काय पाजलं याला?"

"काही नाही वं माय. काबरं पाजू? तू नको म्हणते ना."

"मग हा वास कशाचा?"

त्यांनी आतून सहाण आणून माझ्यापुढे ठेवली. कोरडी, वर धुळीचा थर. "बघ."

"धुऊन ठेवली असेल," मी म्हटलं. धूळ डोळ्यांसमोर असताना म्हटलं, बरं का.

बाळाला घेऊन आमच्या पिंप्राळ्याहून रिक्षा केली. दवाखान्यात सगळ्या बायांसमोर मोठ्याने सांगितलं, सासूने जायफळ पाजलं. डॉक्टरबाईंनी तपासलं. तेवढ्यात बाळ उठलं आणि त्यांच्याकडे बघून हसलं.

"काही झालेलं नाही. रात्रभर जागलं असेल, म्हणून झोपलं. तुम्हीही झोपत जा."

"पण वास, मॅडम?"

त्यांना नेमकी सर्दी होती.

घरी आले तर सासूबाईंची पिशवी दारात. दवाखान्यातल्या एकीकडून शेजारणीला फोनवर कळलं होतं, तिने सासूबाईंना सांगितलं होतं.

"असोद्याला जाते, गावच्या घरी," त्या म्हणाल्या. "तिथं म्हैस तरी माझ्या हातचं खाते."

मी अडवलं नाही.

संध्याकाळी आमचे हे धुळ्याहून आले. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मुलाखत होती. मी रडायला म्हणून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. शर्टाला तोच लाकडाचा वास, तेच जायफळ.

"तुम्हालाही पाजलं का आईंनी?"

"काय पाजलं?" त्यांनी पिशवीतून एक काळी बाटली काढली. "मित्राने सेंट दिला, मुलाखतीसाठी. खास पुरुषांचा आहे म्हणे. आधी मिरी येते, मग जायफळ अन् लवंग, शेवटी देवदार अन् खस. दिवसभर बदलत जातो."

"आणि बाळ?"

"सकाळी रडत होतं. तुझा डोळा लागलेला. मग खांद्यावर घेऊन फिरलो, झोपल्यावर निघालो."

मी ती बाटली हुंगून खाली ठेवली. मग विचारलं, "नोकरीचं काय झालं?"

"साहेबांनी खिडकी उघडली. मग म्हणाले, कळवू."

कोणी काही कळवलेलं नाही. सासूबाई फोन उचलत नाहीत. बाळ पुन्हा अर्ध्या तासाने उठतंय. हे कामाच्या शोधात दिवसभर बाहेर, मी एकटी त्याला घेऊन घरात फेऱ्या मारते. आंघोळीला गेले तरी दार उघडं ठेवावं लागतं. त्या काळ्या बाटलीतलं थोडं उशीला लावूनही पाहिलं. बाळ शिंकलं आणि जास्तच रडलं.

तुमच्यापैकी कोणी असोद्याकडे जाणार असेल तर आमच्या सासूबाईंना एवढं सांगा. जायफळ तुमच्या लेकाच्या शर्टात सापडलं. सहाण जिथे ठेवली होती तिथेच आहे, सून तिला हात लावत नाही. आणि सहाणेवरची धूळ सुनेला तेव्हाही दिसली होती, हेही सांगा.