खिडकी बंद करण्याचे महिने

कांजूरमार्ग पूर्वेला, वस्तीतल्या एका घराच्या माळ्यावर आमची खोली होती. वर पत्रा, बाजूनं लोखंडी जिना आणि एकच खिडकी, तीही कचऱ्याच्या डम्पिंगच्या दिशेला. राहायला मी आणि आई, दोघीच. वडील मी दहावीत असताना गेले. त्याआधीपासून आई साकीनाक्याच्या एका गाळ्यात पितळी नळांना पॉलिश करायची. तोंडाला पदर बांधायची, पण पदरानं काय अडतंय? ती भुकटी वर्षानुवर्षं छातीत बसत गेली. साठी उलटल्यावर तिला जिना चढताना दम लागायला लागला आणि नंतर बसल्या जागीही.

डॉक्टरीणबाईंनी पंप दिला आणि सांगितलं, "घर कोरडं ठेवा, हवा खेळती ठेवा. धूर नको, घाण वास नको, फार गरमीही नको."

दवाखान्याबाहेर आल्यावर आई म्हणाली, "या बाईचं घर कुठंय गं? आपण तिकडंच राहायला जाऊ."

आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून हसलो.

थंडीत वारा पडला की कचऱ्याचा वास वस्तीवर बसून राहायचा. पहाटे सगळ्यात जास्त. म्हणून दिवाळी झाली की मी खिडकीच्या फटीत जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबायचे, वरून चिकटपट्टी लावायचे. आईची खाट दाराजवळ सरकवायचे. स्वयंपाकही कमी करून टाकला होता. फोडणी दिली की तिला ढास लागायची, मग आम्ही महिनोन् महिने वरणभात आणि उकडलेल्या भाज्या खाल्ल्या. तिखटाशिवाय न जेवणारी माझी आई, मराठवाड्यातली. ताटाकडे बघून म्हणायची, "आजाऱ्याचं जेवण." मी म्हणायचे, "मग तू कोण आहेस?"

होळीनंतर चिंध्या काढायच्या, खाट परत खिडकीखाली न्यायची. पण तोवर पत्रा तापलेला असायचा. मी कामावर जायच्या आधी गोणपाटं भिजवून पत्र्यावर टाकायचे. दहा वाजेपर्यंत ती वाळून कडक व्हायची. दुपारी खोलीत श्वास घेणं मलाही जमत नसे. खाली एक मालवणी काकी राहायच्या, नवरा पूर्वी गिरणीत होता, आता त्या एकट्याच. त्यांनीच एक दिवस मला अडवलं. "अगो, तुझ्या आवशीक सकाळी हयसर आणून सोड. माझा घर गार आसा."

तो एक उन्हाळा आईचा बरा गेला. मी तिला सकाळी हात धरून जिना उतरवायचे, संध्याकाळी चढवायचे. वर यायला आम्हाला दहा मिनिटं लागायची. दिवसभर त्या दोघी एकमेकींचं अर्धंच समजत गप्पा मारायच्या.

मग ताडपत्री बांधायचे दिवस आले. बांधणाऱ्या माणसाला मीच सांगितलं, खिडकीवरून चांगली खाली घे, मागच्या वर्षी ओल आली होती. त्यानं ताडपत्री खिडकीवरून ओढून खाली दोरीनं आवळली. खोलीत दिवसाही निळसर अंधार झाला. काकींच्या घरात जुलैत दोनदा पाणी शिरलं, तेव्हा तिकडं जाणंही बंद झालं. आई दिवसभर वरच. ओले कपडे आतच वाळत घालायला लागायचे, तिच्या खाटेच्या वरच दोरी होती. मी ते इस्त्रीनं सुकवायचे, त्याची वाफ खोलीतच राहायची. भिंतीला बुरशी आली. मी ती पुसायचे आणि ती चार दिवसांत परत यायची.

त्या सकाळी मी डबा भरत होते. मुलुंडला एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी नंबर लावायच्या टेबलावर बसते, नऊला पोचावं लागतं.

आई म्हणाली, "कोंडतंय गं मला. तेवढी ताडपत्री फाड."

"फाडली तर पाणी आत येईल. गादी भिजली तर झोपशील कुठं?"

"भिजू दे."

"तुझं काय जातंय बोलायला? सगळं मलाच निस्तरावं लागतं ना."

मी रोज "येते" म्हणून निघायचे. त्या दिवशी न म्हणता निघाले.

दुपारी काकींचा फोन आला. आई खाटेवर उभी राहून भाजी चिरायच्या सुरीनं ताडपत्री कापत होती. तोल गेला आणि ती खाटेच्या कडेवर पडली. शेजारच्या दोघांनी तिला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं होतं. मी आधी तिचे दवाखान्याचे कागद घ्यायला वर धावले. ताडपत्रीला हातभर चीर होती, त्यातून वारा येत होता. पाऊस पश्चिमेकडून झोडपत होता आणि आमची खिडकी पूर्वेला. गादीवर एक थेंब नव्हता. एवढी वर्षं त्या खोलीत राहून माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. छाती अशी असताना भूल देता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पायाला वजन लावून तिला झोपवून ठेवलं. वॉर्डात मोठ्या खिडक्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "मला सांगायचं तरी. कशाला चढलीस?"

"सांगितलं असतं तर चढू दिलं असतंस?"

"नाही."

"म्हणून."

ती रागावलेली नव्हती. तिनं खिडकीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. पुढच्या आठवड्यात न्यूमोनिया झाला आणि एका सकाळी डॉक्टरांची फेरी चालू असताना ती गेली.

खोली मी सोडली. आता नाहूरला दवाखान्यातल्या एका मैत्रिणीबरोबर भाड्यानं राहते. तिसरा मजला, स्लॅबचं घर. ऋतू बदलला म्हणून इथं काही हलवावं लागत नाही.

वर्षभरानं काकी भेटायला आल्या. बराच वेळ त्या इकडचं तिकडचं बोलल्या. मग एकदम म्हणाल्या, "त्या दिवशी तुझी आवस हाका मारी होती गो. पत्र्यार पाऊस वाजत होतो. माका वाटला, खयंतरी टीव्ही लागलोहा."

"किती वेळ?"

"बराच."

मी म्हटलं, "काकी, यात तुमची काही चूक नाही." मला कुणी असं म्हटलं असतं तर मी ते मानलं नसतं. त्यांनीही मानलं नाही, पदरानं तोंड पुसत राहिल्या. नंतर मी त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता, मी त्यांचा दुसरा हात धरला.