यादीत नसलेली पाच नंबर

तुम्ही केलेल्या कामाचं बक्षीस घ्यायला दुसरीच बाई स्टेजवर गेलीय आणि तुम्ही खाली तिची पर्स धरून उभ्या आहात, असं झालंय का कधी?

माझं झालंय. अबू धाबीत, भाड्यानं घेतलेल्या टर्फवर, शनिवारी संध्याकाळी. गुडघा सोलवटलेला. मोज्यांत टर्फच्या रबराचे काळे दाणे. अंगात पाच नंबरची जर्सी, घामानं पाठीला चिकटलेली. माईकवरून नाव आलं, "बेस्ट डिफेंडर, केतकी", आणि पुढं मी ज्यांच्या घरी कामाला होते त्या मॅडमचं आडनाव.

मी केतकी नाही. केतकी म्हणजे मॅडमची नणंद. ती तासाभरापूर्वी दुबईहून आली होती. तिच्या अंगातही पाच नंबरचीच जर्सी होती, कोरी, पाकिटातल्या घड्या अजून दिसत होत्या. बक्षिसाचं आदल्या दिवशीच कळलं होतं. म्हणून दुसरी छापून घेतली होती.

"धर गं जरा," ती म्हणाली. पर्स माझ्या हातात आली आणि ती गेली.

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या निम्म्यांनी मला तीन आठवडे त्या मैदानावर खेळताना बघितलं होतं. त्यांना डोळे होते. त्यांनी वाजवल्या.

मला आधी राग नाही आला. किळस आली. पाणी पिताना तळाशी केस दिसावा, तशी.

मी कोल्हापूरची. आमच्याकडं पेठेपेठेला फुटबॉलची टीम असते आणि मॅच असली की गल्ल्या ओस पडतात. पोरींना मात्र मैदान भांडून घ्यावं लागतं. मी घेतलं. कॉलेजकडून खेळले, विद्यापीठाकडून खेळले. बाबा एका छोट्या छापखान्यात कागदांच्या घड्या घालायला होते. सभांची, मोर्चांची, जयंतीची पत्रकं घरी यायची. चुकून जास्त छापलेली, शाई फिसकटलेली. आमच्या घरात पुस्तक नव्हतं. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. 'माणूस म्हणून जगण्याचा हक्क' हे मी बाराखडी पक्की व्हायच्या आधी वाचलंय. हे सगळं वाचलेली मुलगी पर्स धरून उभी राहिली, हेही लिहून ठेवते.

मला इथं आणलं ते 'स्पोर्ट्स असिस्टंट' म्हणून. व्हिसावर छापून आलं 'हाऊसमेड'. अल रीम आयलंडवर बाविसाव्या मजल्यावर मॅडमचं घर. काम काय, तर त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला, अन्वीला सांभाळायचं आणि बाकी सगळं. पासपोर्ट विमानतळावरून आलेल्या दिवशीच साहेबांच्या ड्रॉवरमध्ये गेला. "सेफ राहतो," साहेब म्हणाले.

पहिल्या आठवड्यात मॅडमनी मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या "अच्छा" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सिंकखाली माझा वेगळा कप आला. निळा.

मॅडम तिथल्या मराठी मंडळातल्या मोठ्या कार्यकर्त्या. भारतीय मंडळांची बायकांची फुटबॉल स्पर्धा जाहीर झाली आणि त्यांनी टीम काढली. सगळ्या हौशी. बॉल आला की किंचाळून बाजूला व्हायच्या. मी अन्वीला घेऊन कडेला बसायचे. एकदा बॉल माझ्याकडं आला, मी छातीवर घेतला, खाली टाकला आणि सरळ दुसऱ्या टोकाला दिला.

कोच मोठ्यानं हसली. ही कोच स्कॉटलंडची. आपल्या देशाकडून अनेक वर्षं बचावफळीत खेळलेली, आता इथं एका अकादमीत पोरांना शिकवणारी. नाक एकदा मोडून वाकडं बसलेलं. ती मला म्हणाली, "यू. इन." दोनच शब्द.

पण नियम होता. खेळाडू मंडळाची सभासद पाहिजे, नाहीतर सभासदाच्या घरची नातेवाईक. मी मॅडमच्या घरात राहत होते, पण घरची नव्हते. मॅडमनी यादीत केतकीचं नाव लिहिलं.

"नावापुरतंच गं," त्या म्हणाल्या. "आणि मैदानावर तोंड उघडायचं नाही. तुझं ते कोल्हापुरी ऐकलं की लगेच कळेल. 'येतो, जातो' काय म्हणतेस? मुलगी आहेस का मुलगा?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. खेळायला मिळणार होतं ना.

ज्यांना फुटबॉल कळत नाही त्यांना सांगते. बचावपटू पायानं निम्मं खेळते आणि तोंडानं निम्मं. सगळं मैदान तिच्या समोर असतं, तिनंच ओरडून सांगायचं असतं. मागं माणूस आहे, सोड, वर सरक, डावीकडं बघ. कोच पहिल्याच दिवशी म्हणाली होती की मुकी बचावपटू म्हणजे भिंतीतलं भोक. आणि मला मुकं राहायचं होतं. पहिल्याच मॅचमध्ये आमची गोलकीपर "केतकी! केतकी!" ओरडत राहिली आणि मी वळलेच नाही. ते माझं नाव आहे हे मला आठवलंच नाही. गोल बसला. मॅडम पळत आल्या आणि कानाशी म्हणाल्या, "बहिरी आहेस का? एवढं एक नाव लक्षात राहत नाही?"

पुढच्या मॅचपासून मी वळायला लागले. दुसऱ्याच्या नावावर मान वळायला एकच आठवडा लागतो. हे मला तेव्हा भयंकर वाटलं नाही. आता वाटतं.

स्पर्धेच्या मधल्या आठवड्यात मंडळानं कोचचं भाषण ठेवलं. 'जिद्दीची कहाणी' असा बॅनर होता. मी चहा आणि बटाटेवडे फिरवत होते, त्यामुळं सगळं ऐकलं.

समुद्रकाठचं मासेमारीचं गाव. बाप मासे साफ करायच्या कारखान्यात. मुलांच्या टीममध्ये ती सगळ्यात दणकट, पण वयात यायला लागली तसं सांगितलं गेलं, आता पुरे. मग तीन बस बदलून बायकांच्या क्लबात. पहाटे चारला बेकरीत कणीक मळायची, संध्याकाळी सराव, अंगाला पिठाचा वास तसाच. देशाकडून खेळायला निवड झाली, तर रजा बिनपगारी. जर्सी पुरुषांच्या मापाची, बाह्या दुमडून घालायची. मॅच संपली की ती घाणेरडी जर्सी पिशवीत घालून परत करायची, पुढच्या कुणालातरी द्यायला. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं तेव्हा बेकरीवाल्यानं कामावरून काढलं. दीड वर्षानं ती परत उभी राहिली आणि परत देशाकडून खेळली. आणि शेवटची मॅच झाली त्या दिवशी तिच्या गावच्या पेपरात तिचा फोटो आला. खाली नाव दुसऱ्याच पोरीचं.

"माझ्या आईनं ते कात्रण कापून ठेवलंय," ती म्हणाली. "दुसरीच्या नावासकट."

पहिल्या रांगेत मॅडम डोळे पुसत होत्या. "किती अन्याय ना!" त्या शेजारणीला म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून बोटानं खुणावलं, चहा इकडं.

त्याच कोचच्या हातून त्या शनिवारी बक्षीस दिलं गेलं. मी खाली पर्स घेऊन उभी. कोरी जर्सी स्टेजवर चढली. कोचनं केतकीकडं बघितलं. मग गर्दीत मला शोधलं. आमची नजर भिडली. मग तिनं मान खाली घातली आणि ट्रॉफी केतकीला दिली. फोटो निघाला.

अन्वी माझ्या शेजारी होती. मी तिला म्हटलं, "अन्वी, कोण खेळलं गं मॅच?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच लहान आहे. "ताई, यू आर नॉट इन द टीम," ती समजावून म्हणाली. "यू वर्क इन अवर हाऊस."

ह्या पोरीला मी भरवत होते. तिचे केस विंचरत होते. सातव्या वर्षी तिला सगळं पाठ होतं. कुणी शिकवलं नाही, निळा कप रोज बघत होती ती.

पार्किंगमध्ये कोच माझ्याकडं आली. "सॉरी," म्हणाली. "हा तुमच्या लोकांचा मामला आहे. मला वाटलं, मी मध्ये पडले तर तुझीच नोकरी जाईल."

मला इंग्रजी कळतं, बोलता फार येत नाही. पण एवढं आलं. "त्या पेपरवाल्यानं चुकून केलं होतं," मी म्हटलं. "तू बघून केलंस."

तिचं वाकडं नाक लाल झालं. मी गाडीकडं चालायला लागले. ज्यांनी मार खाल्लाय ते आपोआप आपल्या बाजूचे होतात, असं मी पत्रकं वाचून समजत होते. होत नाहीत. त्यांनाही ठरवावं लागतं.

त्या शनिवारी फक्त साखळी सामन्यांची बक्षिसं दिली होती; फायनल पुढच्या शनिवारी होती. घरी गाडीतून जाताना मी मॅडमना सांगितलं, "फायनलला माझं नाव घाला. नाहीतर मी खेळणार नाही."

"नियम आहे गं."

"मग मला नातेवाईक नका म्हणू. नियम बदलून मागा. तुम्ही कमिटीवर आहात."

साहेब गाडी चालवत होते. आरशात बघून म्हणाले, "हिला कुणी भडकवलंय का?"

मॅडम गोड झाल्या. "अगं, आम्ही तुला घरच्यासारखं वागवतो. ट्रॉफी तुझ्या खोलीत ठेव हवी तर." आठवडाभर तेच. त्यांना वाटलं मी विसरले. मी गप्प होते, एवढंच.

फायनलच्या दिवशी टेबलावर यादी होती. फायनलला प्रत्येकीनं नावासमोर सही करायची. टेबलामागं स्पर्धेचे एक मल्याळी गृहस्थ होते, चष्मा कपाळावर. मी केतकीच्या नावावर रेघ मारली, बाजूला माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि सही केली.

त्यांनी चष्मा खाली घेतला. "ये नाम तो लिस्ट में नहीं है।"

"लिस्ट गलत है," मी म्हटलं. "पहले मॅच से मैं ही खेल रही हूँ। सबको पूछिए।"

ते उठले आणि आमच्या टीमसमोर जाऊन त्यांनी विचारलं. एकीनंही वर बघितलं नाही. सगळ्या बुटांच्या नाड्या बांधत होत्या. आधीच बांधलेल्या नाड्या. मॅडम म्हणाल्या, "ही आमची मेड आहे. डोकं फिरलंय तिचं."

तेव्हा मी पहिल्यांदा त्या मैदानावर ओरडले. बचावपटू ओरडते तशी, पोटातून. टीममधल्या एकेकीचं नाव घेतलं. कुणाला कुठल्या मॅचमध्ये मी काय वाचवून दिलं, ते सांगितलं. गोलकीपरला विचारलं, "माझ्याकडं बघ आणि सांग, मी कोण आहे?" ती रडायला लागली. समोरच्या टीमची कॅप्टन चालत आली आणि म्हणाली, "यही खेली है। मेरी टाँग पे इसका निशान है।"

आमची टीम बाद झाली. दहा मिनिटांत.

"तुला कळतंय का काय केलंस?" मॅडमनी माझा दंड धरला.

"सही केली," मी म्हटलं.

घरी साहेब म्हणाले, "खलास. व्हिसा कॅन्सल." मी म्हटलं, करा. पासपोर्ट द्या. ते ड्रॉवरसमोर उभे राहिले. मी फोन बाहेर काढला आणि दुसऱ्याचा पासपोर्ट ठेवून घेणं या देशात गुन्हा आहे, हे वाचून दाखवलं. मोठ्यानं, ओळ ओळ. पत्रक वाचावं तसं. ड्रॉवर उघडला.

आता मी फुजैऱ्यात, याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, एका शाळेच्या बसवर पोरं चढवते-उतरवते. नव्या व्हिसावर जे लिहिलंय तेच काम करते. फुटबॉल खेळायला टीम नाही. आम्ही चौघी जमतो, दोन नर्स, एक मेड आणि मी. चौघींची टीम होत नाही. कोचनं दोनदा मेसेज केला, ओळखीच्या क्लबात शब्द टाकते म्हणाली. मी लिहिलं, आधी कमिटीला लेखी कळव की बक्षीस कुणाचं होतं. अजून उत्तर नाही. माझ्या नावाशिवाय मी पुन्हा कुठल्याही मैदानावर पाय ठेवणार नाही. न खेळता म्हातारी झाले तरी.

तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमचंही एखादं मंडळ असेल. तिथली पुढची स्पर्धा, नाटक, ढोलपथक, काहीही असो, सुरू होण्याआधी यादी हातात घ्या. एकेकीसमोर जा आणि तिला तिचं नाव तिच्याच तोंडून सांगायला लावा. जुळलं नाही तर तिथंच थांबवा. तुमचीच टीम बाद होईल. होऊ द्या.