हीटपंपाच्या दुकानामागचा धूर

दुकानात माल येतो तसा जातो. किस्से मात्र एकदा आले की गोडाऊन अडवून बसतात. त्यांना गिऱ्हाईक नाही, रिटर्न नाही, आणि जुने झाले म्हणून कुणी निम्म्या भावात मागतही नाही. संगमनेरच्या आमच्या दुकानात मी चौदा वर्षं काउंटरवर आहे, तेव्हा माझा स्टॉक किती असेल ते तुम्हीच बघा. आज फक्त हीटपंपाचा कप्पा रिकामा करतो.

आधी माणसं सांगतो. दुकान सुधाकरशेठचं. गीझर, सोलर, पाण्याच्या मोटारी, सगळं मिळतं. इसाकभाई फिटर. आणि मी कुलकर्णी, बीएस्सी फिजिक्स. ती डिग्री आयुष्यात कुठंच कामाला आली नाही, म्हणून शेठनं ती गिऱ्हाइकाला शास्त्र समजावायला लावली.

मागच्या दिवाळीत शेठनं हीटपंपाची एजन्सी आणली. कंपनीच्या साहेबानं जाताना गोड हसून सांगितलं, "गुढीपाडव्यापर्यंत दहा घरांत बसले पाहिजेत. नाहीतर एजन्सी समोरच्या दुकानाला."

समोरचं दुकान म्हणजे शेठच्या सख्ख्या साडूचं! शेठ त्या दिवशी जेवले नाहीत.

*

हीटपंप म्हणजे काय, हे मी असं सांगायचो: "फ्रिज आतली उष्णता ओढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो ना? मागं हात लावला तर गरम लागतं. हे तसंच. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढायची आणि पाण्यात सोडायची. वीज लागते ती फक्त ओढण्यापुरती, म्हणून गीझरपेक्षा बिल कमी."

अकोले रोडचे पोपटराव हे शास्त्र दोनदा ऐकून गेले. दोन चहा प्याले. "इचार करतो," म्हणाले.

पंधरा दिवसांनी आले ते तक्रार घेऊन. "सर, तुमचं शास्त्र चुकलं!"

"काय झालं?"

"मोरीची भिंत फोडली. फ्रिजचं तोंड सैपाकघरात, पाठ मोरीत. जाळीला बादली टेकवून ठिवली. तीन दिस झाले, पानी कोमट बी हुईना!"

इसाकभाई तसेच गाडी काढून त्यांच्या घरी गेले. पोचल्या पोचल्या आधी प्लग काढला, मग बादली काढली, आणि मग पोपटरावांना काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. भिंत बुजवायला गवंडी बोलवा म्हणाले, तर पोपटरावांची बायको आडवी आली.

"भिंतीला हात लावू नका. पानी गेलं खड्ड्यात, टॉवेल लई झ्याक वाळतोय!"

*

आता आमचं खरं दुखणं सांगतो. शेठचं घर दुकानाच्या बरोबर मागं. आणि त्या घरात अंघोळीचं पाणी तापायचं ते तांब्याच्या बंबात, लाकडं घालून! शेठचे वडील आबा, त्यांचा हुकूम. "घरात पानी बंबाचंच."

मी इकडं गिऱ्हाइकाला सांगतोय, "लाकूड नको, धूर नको," आणि माझ्या डोक्यामागच्या खिडकीतून धुराचा लोट वर चाललाय. गिऱ्हाईक सगळं ऐकून घ्यायचं, खिडकीकडं बघायचं आणि शांतपणे विचारायचं, "तुमच्या घरी कोणता?"

संपलं! तिथं फिजिक्स संपायचं.

शेठनं एकदा खोटं बोलायचा प्रयत्न केला. "आमच्याकडं हीटपंपच आहे, तो धूर शेजारचा." पण आबा दुकानात खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले. आबांनी उभी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. उसाच्या काट्यावर बसून कधी खोटं न बोललेला माणूस म्हणून तालुका त्यांना ओळखतो. असा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच, आणि तो आमच्याच नशिबी.

आबांनी पेपर खाली न करता सांगितलं, "धूर आपलाच हाय."

*

टाकी किती लिटरची घ्यायची हे घरातल्या माणसांवर ठरतं. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, "घरात माणसं किती?" याच्याइतका धोकादायक प्रश्न आपल्या भागात दुसरा नाही, हे मला कोपरगावकडच्या भाऊसाहेबांनी शिकवलं.

"तशी आठ," भाऊसाहेब म्हणाले. "पन धाकटा येगळा निघायच्या गोष्टी करतोय. त्याची चार वजा धरा."

मागून त्यांची बायको म्हणाली, "भावजी न्हाई निघत. त्यांची बायको काढतीय त्यांना."

गाडी चालवायला बरोबर आणलेला एक माणूस दारात उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, मी हितंच उभा हाय!"

मग जे सुरू झालं ते तासभर चाललं. विहिरीवरून झालं, दुसऱ्या गाईवरून झालं, कुणाच्या तरी बारशात कुणाला साडी हलकी नेसवली तेही झालं. मी मधे पडून म्हटलं, "दीडशेच्या दोन टाक्या घ्या. एकत्र राहिलात तरी चालतील, वेगळे निघालात तरी चालतील."

तिघंही एकदम माझ्याकडं वळले. भाऊसाहेब म्हणाले, "कुलकर्णी, तुमी लोकांची घरं फोडायला बसला काय हितं?"

शेवटी त्यांनी तीनशेची एकच टाकी घेतली. ती टेम्पोत चढत असताना भाऊसाहेबांनी धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. "आता निघून दाखव!"

धाकटा अजून तिथंच आहे.

*

ऐन थंडीत एका काकूंचा फोन आला की पाणी तापायला फार वेळ लागतोय. इसाकभाई गेले. बघतात तर बाहेरच्या मशिनवर गोधडी, गोधडीवर कांद्याच्या ढिगावर टाकतात तो प्लास्टिकचा कागद, आणि वर सुतळीनं बांधलेलं.

"काकू, हे काय?"

"गारठा किती पडलाय! रातभर उघड्यावर असतंय बिचारं."

इसाकभाईंनी समजावलं की त्याला हवा लागते, हवा ओढूनच ते पाणी तापवतं, कोंडलं की मेलं. काकूंना ते पटलंही. पण गोधडी काही हातातून सुटेना.

"मग नाकातोंडाकडून उघडं ठिवते. पाठीवर तरी टाकू द्या!"

*

संक्रांत झाली तरी आमचे दोनच बसले होते. समोरचे साडू रोज दुकान उघडताना शेठला हात हलवायचे. शेठनं मग आबांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. एका पहाटे दुकानातला डेमोचा हीटपंप चालू केला. इसाकभाईंनी दोन बादल्या कढत पाणी मागच्या दारानं नेऊन गुपचूप आबांच्या न्हाणीत ठेवलं. आबांना काही सांगायचं नाही. अंघोळ झाली आणि आबा खूश दिसले, की तिथंच त्यांना धरायचं.

आम्ही तिघं दाराबाहेर कान लावून उभे. आत तांब्या बुडाल्याचा आवाज आला.

मग आतून आबांचा आवाज आला. "सुधाकर! हे पानी कुठलं?"

"का हो आबा? गार आहे का?"

"न्हाई. तापलंय. शिजलं न्हाई!"

झालं, बंब पुन्हा पेटला. तो पेटवायच्या माई, म्हणजे शेठच्या आई. वहिनी, म्हणजे शेठची बायको, शाळेत शिकवतात, सकाळची शाळा म्हणून त्या सहाला घर सोडतात, शेठ उठतात आठला, आणि आबा उठतात ते पाणी तयार झाल्यावर. आम्ही रिकाम्या बादल्या घेऊन निघालो तेव्हा माई फुंकणी हातात घेऊन बंबापुढं बसल्या होत्या. त्यांनी इसाकभाईंना हळूच विचारलं, "तुमचं ते यंत्र चालू करायला किती वाजता उठावं लागतं रे?"

"उठावंच लागत नाही, माई."

माईंना वाटलं, चेष्टा करतोय. त्या हसल्या आणि पुन्हा फुंकायला लागल्या. मला त्या दिवशी दुकानात बसवेना.

*

हीटपंप पाणी गरम करतो आणि बाहेर गार हवा सोडतो. ही गार हवा कुठं सोडायची, हा प्रश्न कंपनीच्या पुस्तकात अर्ध्या ओळीत संपवलाय. आमच्या एका दूधवाल्या गिऱ्हाइकाचं, रंगनाथचं, न्हाणीघर गोठ्याला चिकटून. इसाकभाईंनी मशिन गोठ्याच्या भिंतीवर टांगलं. फेब्रुवारी सरला, ऊन तापायला लागलं, आणि रंगनाथचा फोन आला.

"सर, लई मोठी अडचन झालीय."

"पाणी गार येतंय का?"

"पानी झ्याक हाय. गाय उठंना!"

त्याची सगळ्यात दुधाळ जर्सी गाय बरोबर त्या गार झोताखाली बैठक मारून बसली होती. चरायला नाही, पाण्याला नाही. मशिन बंद झालं की हंबरायची. मग गाय हंबरते म्हणून घरातले लोक दुपारीसुद्धा गरम पाण्यानं अंघोळी करत होते!

"मग तिची जागा बदला," मी म्हणालो.

"बदलली की. आता तिथं दुसरी बसलीय. सर, ह्याचं पानी न तापवता नुसतं वारं देनारं मॉडेल न्हाई का?"

त्या आठवड्यात तीन गवळी दुकानात येऊन गेले. तिघांनाही पाण्यात काडीचा रस नव्हता.

*

आता शेवटचा. एजन्सी आजही आमच्याकडंच आहे आणि खिडकीतून धूर दिसत नाही. याचं श्रेय मी फिजिक्सला देणार होतो, पण मी त्या दिवशी हजर होतो, म्हणून गप्प बसतो.

पाडवा तोंडावर आला होता. दहातले तीन बसले होते. मी भाचीच्या लग्नाला श्रीगोंद्याला गेलो होतो. आठ दिवसांनी परत येऊन काउंटरवर बसतोय, तोच एक मुख्याध्यापक सर आणि त्यांच्या बाई आत आल्या. त्यांच्या नव्या कॉलनीत सात बंगले. सगळ्यांनी मिळून सरांना नेमलेलं. सर ठरवतील तेच मशिन सातही घरांत बसणार. शेठनं स्वतः उठून पंखा लावला.

आबा नेहमीच्या खुर्चीवर होते, पण ध्यान काही वेगळंच होतं. डोळे लालभडक. कानाच्या पाळीला काजळी. बोटाला चिंधी. दुपारचे बारा वाजायला आले तरी खांद्यावर कोरडा टॉवेल, म्हणजे अंघोळ अजून व्हायचीच. मी इसाकभाईंना खुणेनं विचारलं, काय झालं? ते नुसतेच गालात हसले.

सरांनी वहीत प्रश्न लिहून आणले होते. किती स्टारचा, टाकीला आतून अस्तर कसलं, बोअरच्या क्षाराच्या पाण्याला टिकेल का, बिघडला तर येणार कोण. मी एकेक उत्तर दिलं. इसाकभाईंनी मशिन चालू करून दाखवलं. सरांनी प्रत्येक प्रश्नापुढं बरोबरची खूण केली आणि वही मिटली. शेठ पेन उघडायला लागले.

तेवढ्यात सरांचं लक्ष खिडकीकडं गेलं. मागं धूर होता. असातसा नाही, ओलं लाकूड पेटत नसताना येतो तसला पिवळट, दाट धूर.

सरांनी विचारलं, "तुमच्या घरी कोणता आहे?"

शेठनं माझ्याकडं बघितलं. मी इसाकभाईंकडं बघितलं. आबांनी पेपरची घडी घातली.

"आमच्या घरी बंब हाय," आबा म्हणाले. "चाळीस वर्षं झाली. अख्ख्या तालुक्यात असा बंब न्हाई. थंडी असू द्या, पाऊस असू द्या, लाकूड वलं असू द्या, पहाटं पाचला पानी तयार. एक दिवस खाडा न्हाई. मला कधी वळून बघायसुदिक लागलं न्हाई."

सरांनी वही पिशवीत टाकली. शेठनं डोळे मिटून घेतले. माझ्या डोळ्यांपुढं सात बंगले रस्ता ओलांडून साडूच्या दुकानात गेले.

"पन आता काढून टाकायचाय," आबा म्हणाले. "सुधाकर, एक मशिन आपल्या घरचं लिही. आजच बशीव."

शेठच्या हातातलं पेन खाली पडलं.

सर म्हणाले, "एवढा चांगला बंब, आणि काढून टाकताय?"

"बिघडलाय. आठ दिस झाले, नुसता धूर सोडतोय. पेटतोय, इझतोय. पानी म्हनून तापवंना."

सरांच्या बाई मघापासून आबांकडं बघत होत्या. त्या जरा पुढं आल्या. "चाळीस वर्षं चालला ना? मग आत्ताच असं काय बिघडलं त्याचं?"

आबांनी टॉवेलनं डोळे पुसले.

"बायकोच्या डोळ्याचं आपरेशन झालं."