पालखी वळणावरून परतली

आमच्या दारातून समोरचं वळण दिसतं. तिथे देवीची पालखी तासभर तशीच अडकली होती. वरच्या वाडीचे मानकरी म्हणत, आधी आमच्याकडे. खालच्या वाडीचे म्हणत, यंदा पहिला मान आमचा. शिमग्यासाठी मुंबईहून आलेले मंडळवाले मोबाईलवर जुने फोटो काढून दोघांनाही रीत शिकवत होते. माझं डोकं तापलं. एरवी एकमेकांच्या लग्नात पंगती वाढणारी ही माणसं. देवीपुढे आली की यांना वाड्या आठवतात!

पालखी वाटेत टेकवायची नाही, म्हणून खांदेकरी उन्हात उभे. पुढचा वरच्या वाडीचा, मागचा खालच्या वाडीचा. एकाने खांदा बदलला की दुसराही न सांगता बदलत होता. अख्ख्या गावात तेवढंच काय ते जुळत होतं.

शेवटी सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, मग कुणाकडेच नको. पालखी देवळाकडे परत फिरली.

ओटीचं ताट घेऊन उंबऱ्यावर उभी असलेली आई बघतच राहिली.

"गाय हरवली तरी देवीला कौल लावतात," ती म्हणाली. "आज तिला विचारलं का रे कुणी?"