आवाज आला म्हंजे कायतरी हललं

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. सुईच्या टोकावर धूळ जमते तसे ते आपोआप जमत जातात, आणि एक दिवस फुंकर मारायला जावं तर हा एवढा पुंजका निघतो! मैत्रिणी म्हणतात, "मेघा, तू मसाला लावून सांगतेस." अजिबात नाही. उलट दोन-तीन गोष्टी मी कमी करूनच सांगते, कारण खऱ्या सांगितल्या तर संध्याकाळी माझ्याबरोबर चहाला कोणी बसणार नाही.

आधी धंदा काय ते सांगते. सातपूरला कारखान्यांच्या ओळीत, एका छोट्या शेडमध्ये आम्ही रेकॉर्ड बनवतो. त्याच त्या, आजोबांच्या काळातल्या, काळ्या गोल. पण हजारांनी छापत नाही. कोणाला दोन हव्यात, कोणाला पाच, लग्नात वाटायला फार तर पंचवीस. कोरी तबकडी मशीनवर फिरते, हिऱ्याची सुई तिच्यात खाच कापत जाते आणि गाणं जेवढ्या वेळाचं, तेवढाच वेळ कापायला लागतो. दुसरी कॉपी हवी? मग पुन्हा पहिल्यापासून!

माझं काम कापण्याआधीचं, म्हणजे आवाज तयार करायचा. 'स' आणि 'श' जास्त टोचायला लागले की ते मऊ करायचे, ढोलाचा दणका आवरायचा, नाहीतर सुई खाचेतून उडी मारते. कापायचं काम नानांचं. नाना ओझरचे, सगळं आयुष्य कारखान्यात मशीनवर गेलं, रिटायर झाल्यावर हे कापायचं मशीन त्यांनी भंगारातून आणून स्वतः उभं केलं. माणूस पक्का नास्तिक नाही, पण भुताखेतांचं नाव काढलं की भडकतो. त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "भूत-बित काय नसतंय. आवाज आला म्हंजे कायतरी हललं. काय हललं ते शोधायचं!"

शेडमध्ये खुर्च्या दोन. एक नानांची. दुसरी काकूंची, म्हणजे नानांच्या बायकोची. त्या दुपारी डबा घेऊन यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "अहो, झालं का तुमचं?" नानांचं उत्तरही ठरलेलं, "नाय गं, एक राहिलीय." मग काकू त्या खुर्चीवर बसून वाटाणे नाहीतर मेथी निवडत राहायच्या. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेव्हापासून त्या खुर्चीवर रेकॉर्डच्या कव्हरांचा गठ्ठा असतो. गिऱ्हाईक आलं तर उभं राहतं, पण नाना गठ्ठा हलवत नाहीत.

*

अगदी सुरुवातीची गोष्ट. गंगापूर रोडचे एक बासरी शिकवणारे सर आले. नुकतीच बायपास झालेली. म्हणाले, काही झालंच तर माझी बासरी शिष्यांकडे राहावी. मी मनापासून आवाज तयार केला, नानांनी कापला, सर ऐकायला बसले. म्हणजे उभे राहिले, दुसऱ्या खुर्चीवर तेव्हा काकू असायच्या.

बासरी सुंदर. पण तिच्या खालून, अगदी खोलवरून, धप्... धप्... धप्. एका लयीत. माझ्या फाईलमध्ये असलं काही नव्हतं! मी चार वेळा ऐकलेली होती.

सरांचा हात छातीवर गेला. चेहरा पांढरा. "हे माझंच आहे," म्हणाले.

नानांनी जमिनीला हात लावला आणि शांतपणे म्हणाले, "तुमचं नाय सर. शेजारच्या शेडमधी पॉवर प्रेस चालतीय, ती हाय. जमीन हलली की सुई हलती, सुई हलली की खाचेत जातंय." तेव्हापासून आम्ही फक्त शनिवारी दिवसा कापतो, कारण आमच्या ओळीत शनिवारी सगळ्या मशिनी बंद असतात.

पुढच्या शनिवारी नवी, स्वच्छ कॉपी कापली. सरांनी दोन्ही ऐकल्या आणि म्हणाले, "मला जुनीच द्या. हिच्यात बासरी आहे, तिच्यात मी जिवंत वाटतोय!"

*

वणीचा एक पूजेच्या सामानाचा दुकानदार. त्याच्या वडिलांची गोंधळाची कॅसेट घेऊन आला. वडील जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. कॅसेटवर आधी शांतता, मग एकदम वडिलांचा खणखणीत "उदोऽऽ!"

रेकॉर्ड लावली. शांतता. आणि त्या शांततेत, कुणीतरी विहिरीच्या तळातून हाक मारावी तसा बारीक आवाज आला, "उदोऽऽ..." आणि मग दोनेक सेकंदांनी खरा "उदोऽऽ!"

दुकानदार हात जोडूनच उभा राहिला. "आण्णा सुरू व्हायच्या आधी हे मागून कोण बोलतंय?"

नानांनी त्याला भिंगातून खाचा दाखवल्या. खाच म्हणजे एकच लांब वाट, गोल गोल आत जाणारी. एका फेरीच्या अगदी अंगाला लागून दुसरी फेरी. पुढच्या फेरीत मोठा आवाज असला की तो मधल्या भिंतीला ढकलतो, आणि त्याची पुसट खूण आधीच्या फेरीत उमटते. म्हणून जे पुढं येणार, ते एक फेरी आधी बारीक ऐकू येतं.

"ध्यानात ठेवा," नाना म्हणाले, "आधी बारीक, मग खरा. बारीक आला की खरा येतोच. याला अपवाद नाय."

मी म्हटलं, पाहिजे तर ते आधीचं काढून देते. दुकानदार जवळजवळ ओरडलाच, "नका काढू ताई! घरी असंच व्हायचं. अंगणातून आण्णा खाकरले की आम्ही भाऊ पत्ते गादीखाली लपवायचो. बाप यायच्या आधी बापाची चाहूल यायलाच पाहिजे!"

*

ही गोष्ट माझ्या चुकीची. मालेगावच्या नसरीनआपा, त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या पॉवरलूम. त्यांची अम्मी नातवंडांना गोष्ट सांगतेय असं मोबाईलवर रेकॉर्डिंग होतं. आवाज छान, पण मागे लूमचा असा खडखडाट की विचारू नका! मी पेटले. चार दिवस बसून एकेक खटका वेचून काढला. शेवटी अम्मीचा आवाज एकदम नितळ, देवघरात बोलावं तसा. मी स्वतःवर लय खूश.

आपा आल्या. काकूंच्या खुर्चीकडे एकदा बघितलं, गठ्ठा बघून उभ्याच राहिल्या. रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाल्या, "ये अम्मी नहीं है."

मी म्हटलं, "आपा, तुमचंच रेकॉर्डिंग आहे."

"आवाज तिचा आहे. पण ती नाही. आमच्या घरात लूम बंद असताना अम्मी कधी बोलली नाही. लूम कधी बंद व्हायचे माहितीय? घरात मय्यत झाली की. ये तो मरने के बाद बोल रही है."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण रेकॉर्डिंग केलं तेव्हा अम्मी जिवंत होत्या आणि आता नव्हत्या. मी मुकाट्यानं सगळे लूम परत घातले. आपांनी डोळे मिटून ऐकलं आणि हसल्या. "हां. अब सांस ली."

त्या दिवसापासून मी कोणाच्याही मागची शांतता पुसत नाही आणि गोंधळही पुसत नाही.

*

पंचवटीतले एक आजोबा, वय नव्वदीच्या पुढं. परदेशातल्या नातवंडांसाठी स्वतःची हकिगत सांगितली आणि शेवटी म्हणाले, "चला, निघतो मी."

आता रेकॉर्डच्या शेवटी एक बंद गोल खाच असते. सुई तिथं पोचली की पुढं जात नाही, तिथंच फिरत राहते. माझा हिशोब दोन सेकंदांनी चुकला आणि आजोबांचं शेवटचं वाक्य नेमकं त्या गोलात पडलं! घरी रेकॉर्ड लावली. "चला, निघतो मी. चला, निघतो मी. चला, निघतो मी." थांबेचना. सूनबाईंचा घाबराघुबरा फोन, "अहो, अभद्र वाटतंय हे! बदलून द्या!"

मी माफी मागितली, शनिवारी नवी कापून देऊ म्हटलं. शनिवारी पुन्हा फोन, "राहू द्या. मामंजी बदलू देत नाहीत."

का? तर आजोबांनी घरात हुकूम काढला होता. ते खोलीत असताना कोणी सुई उचलायची नाही. म्हणाले, "अजून निघतोच आहे ना मी? मग घाई काय आहे तुम्हाला!"

या गोष्टीला दोन वर्षं झाली. आजोबा अजून निघतच आहेत.

*

आता शेवटची. ही मी फार लोकांना सांगितलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात नानांनी माझ्यासमोर एक कॅसेट ठेवली. नाव नाही, काही नाही. बराच वेळ स्क्रू-ड्रायव्हरशी खेळत बसले आणि मग विचारलं, "पुसलेल्याच्या खाली काय राहतं का गं?"

काकू फार छान गायच्या. हळदीची गाणी, जात्यावरची, सगळी. पण मोबाईल समोर धरला की तोंडाला पदर! एकदाच, कुठल्याशा लग्नात, त्यांचं गाणं कॅसेटवर उतरलं होतं. तीच ही कॅसेट. नानांनी एक जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त केला, मशीन तपासायला कोरी कॅसेट हवी होती, नाव नसलेली ही हाताला लागली. तिच्यावर त्यांनी तपासणीचा सूर भरला. पूर्ण बाजूभर, टूंऽऽऽ.

"तिला सांगितलं तर म्हणती कशी, असू द्या, मी हाय की, परत गाईन." नाना थांबले. "मग राहूनच गेलं."

मी जीव तोडून काम केलं, खोटं नाही. जुन्या टेपच्या कडेला कधी कधी पहिल्या रेकॉर्डिंगची एक चिंधी उरते. तीन आठवडे मी ती शोधली. नानांचा सूर काढला, तो निघाला. खाली नुसती सळसळ. अठरा मिनिटं टेपची सळसळ, दुसरं काही नाही. नानांना हे सांगताना मला रडू आलं. ते रडले नाहीत.

म्हणाले, "तरी कापू. माझ्या हातानं पुसलंय, माझ्या हातानं कापतो."

शनिवारी दुपारी कापली. बाहेर सगळी ओळ बंद, रस्त्यावर एक रिक्षासुद्धा नाही. आमचा रिवाज असा की प्रत्येक कामाच्या दोन कॉपी कापायच्या, एक गिऱ्हाइकाची, एक आमच्या कपाटातली. पहिली झाली. नानांनी ती वाजवायला लावली आणि आम्ही दोघं ऐकत राहिलो. सळसळ. दहा मिनिटं सळसळ. मी मनात म्हणत होते, लवकर संपू दे.

अकराव्या मिनिटाला आवाज आला. बारीक. विहिरीच्या तळातून यावा तसा.

"अहो, झालं का तुमचं?"

मी नानांकडे बघितलं. नाना सुईकडे बघत होते. आधी बारीक, मग खरा. आम्ही दोघंही श्वास धरून पुढच्या फेरीची वाट बघत होतो. ती फेरी आली. काही नाही. तिच्या पुढची आली. काही नाही. नुसती सळसळ.

मी झटकन कॉम्प्युटरवर फाईल उघडली. अकरावं मिनिट काढलं. आवाजाची रेषा सपाट. हेडफोन कानाला लावून तीनदा ऐकलं, सळसळीशिवाय काही नव्हतं. "नाना, कायतरी हललं असेल," मी म्हटलं.

नाना काही शोधायला उठले नाहीत. जमिनीला हात लावला नाही. ते रेकॉर्डवर वाकले आणि रोज बोलायचे तसं, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "नाय गं, एक राहिलीय."

मग त्यांनी दुसरी कोरी तबकडी मशीनवर ठेवली. अठरा मिनिटं कापायला लागली. मी फाईलच्या रेषेवरची नजर काढली नाही, ती शेवटपर्यंत सपाट होती.

दुसरी कॉपी वाजवायला लावली. दहा मिनिटं. अकरावं मिनिट आलं. मी कान टवकारून त्या बारीक आवाजाची वाट बघत होते. तो आलाच नाही. अकरावं मिनिट गेलं.

आणि मग आवाज आला. बारीक नाही. खरा. शेडमध्ये, माझ्या डाव्या हाताला कोणी उभं असावं एवढा स्पष्ट.

"बरं. बसते मी."

नाना उठले. खुर्चीवरचा कव्हरांचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर ठेवला, आणि खांद्यावरच्या फडक्यानं खुर्ची नीट पुसली.