उपाशी ठेवल्याचा आळ

घाटंजीजवळच्या बंजारा तांड्यात बबिताचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. लग्नाला बारा वर्षं झाली होती. सासू लालीबाईला ती 'याडी', म्हणजे आई, म्हणायची आणि तिला वाढल्याशिवाय स्वतः जेवायची नाही.

एका दुपारी लालीबाई शेजारच्या सत्यभामाच्या ओट्यावर जाऊन रडली. "मले सकाळपासून कोनं भाकर देल्ली नाही."

अर्ध्या तासापूर्वीच तिनं दोन भाकरी खाल्ल्या होत्या. पण रडणाऱ्या म्हातारीपुढं सुनेचं कोण ऐकणार? मग हे रोजचंच झालं.

काहीतरी बिनसलंय, हे बबिताला कळत होतं. लालीबाई एकच गोष्ट चारदा विचारायची, लुगडं नेसता नेसता मध्येच थांबून राहायची. बबितानं तिला तालुक्याच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यानं बीपी बघितलं, ताकदीचं औषध लिहिलं. "वय झालं. होते असं."

"साहेब, बिमारी आहे असं कागदावर लिहून द्या नं. लोक मले जगू नाही देऊन राह्यले."

तो हसला आणि त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्याच आठवड्यात तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, डोंगरसिंग यांनी बैठक बोलावली. सगळ्यांसमोर बबिताला सासूच्या पाया पडून माफी मागायला लावली. नवरा अमरसिंग मान खाली घालून बसला होता. घरी आल्यावर त्यानं हात उचलला. दुसऱ्या दिवशी ती माहेरी निघाली, पण मुलीला, खुशीला, त्यानं सोबत जाऊ दिलं नाही.

लालीबाई थोरल्या मुलाकडे, देवसिंगकडे, राहू लागली. वर्षभरात त्याच्या बायकोबद्दलही तीच तक्रार सुरू झाली. तिला मात्र कुणी बैठकीत उभं केलं नाही. देवसिंगनं आईला यवतमाळला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"हा स्मृतिभ्रंश आहे," त्या म्हणाल्या. "चार-पाच वर्षं झाली असतील. बरा होत नाही. पण लवकर कळलं असतं तर औषधानं काही दिवस सावरल्या असत्या, अन् घरचेही समजून वागले असते."

मग अमरसिंग बबिताला न्यायला आला. "याडीले बिमारी होती. तुही चूक नव्हती. चाल घरी. वहिनी म्हणते, माह्यानं नाही होत. याडीले आंघोळ कोन घालन?"

"हे बैठकीत सांगतलं काय तुमी?"

"आता कायले सांगाचं? झालं गेलं."

खुशीसाठी ती परत आली. लालीबाई आता तिला ओळखत नव्हती. डॉक्टरीणबाईंचा कागद घेऊन बबिता एकटी डोंगरसिंगांच्या दारी गेली. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, परत दिला आणि चहा घेऊन जा म्हणाले. बैठक काही बसली नाही.

गेल्या महिन्यात सत्यभामाचा सासरा धावजी वावरातून येताना वाट चुकला. सत्यभामा बबिताकडे आली. मागच्याबद्दल एक शब्द न काढता म्हणाली, "तुले तो दवाखाना माहीत आहे नं? चाल संग."

बबिता गेली. एसटीनं तिघं यवतमाळला पोचले, तर दाराला कुलूप. डॉक्टरीणबाई नागपूरला गेल्या, आता कोणी बसत नाही, असं बाजूच्या मेडिकलवाल्यानं सांगितलं.

सत्यभामा पायरीवर बसून रडू लागली. बबिता तिच्याजवळ बसली नाही. धावजीचा हात धरून ती रस्त्यापलीकडं ऑटो बघायला गेली.