चारही लालच आहेत, मॅडम

कल्याणला हार्डवेअरचा कोर्स करून मी शहापुरात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, कॉम्प्युटर दुरुस्तीचा गाळा घेतला तेव्हा पंचवीस वर्षांची होते. आटगावच्या घरून रोज सकाळी यायचे, शटर वर करायचे. पहिले काही महिने येणारा प्रत्येक माणूस आत डोकावून विचारायचा, "दुरुस्तीवाला कुठं गेला?" मी म्हणायचे, "बसा. काय झालंय ते सांगा."

त्या सुमारास काही मदरबोर्डांबरोबर एक छोटी पट्टी मिळायची. ती कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या मागच्या बाजूला बसवायची. तिच्यावर ओळीनं चार बारीक दिवे असत, आणि प्रत्येक दिवा लाल किंवा हिरवा लागे. कॉम्प्युटर सुरू होताना मदरबोर्ड एकेक भाग तपासत जातो. जिथं अडेल तिथं दिवे त्या क्षणीच्या रंगांत थांबून राहतात. कुठल्या रंगांचा अर्थ काय, हे पुस्तिकेत दिलेलं असे. मी तो तक्ता वहीत मराठीत उतरवून घेतला होता. चारही लाल म्हणजे प्रोसेसर. लाल, हिरवा, लाल, लाल म्हणजे मेमरी. चारही हिरवे म्हणजे सगळं ठीक. स्क्रीन काळीच राहिली तरी दिवे बघून निम्मं काम व्हायचं, म्हणून ती पट्टी मला फार आवडे.

मुरबाडच्या पुढं, सिद्धगडाच्या बाजूला, एक माध्यमिक शाळा होती. तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेला एक कॉम्प्युटर दिला होता, तो मीच जोडून दिलेला. एका नोव्हेंबरात तिथल्या मुख्याध्यापकांचा फोन आला. कॉम्प्युटर सुरू होत नाही.

"सर, मागं चार दिवे आहेत ना, त्यांचे रंग सांगता?"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. बराच वेळ गेला.

"चारही लालच आहेत, मॅडम."

"नक्की?"

"नीट वाकून बघितलं."

म्हणजे प्रोसेसर. माझ्याकडं त्याच जातीचा एक जुना, चालू प्रोसेसर होता. तो डबीत घातला आणि दुसऱ्या दिवशी निघाले. किन्हवली, सरळगाव, मुरबाड, तिथं गाडी बदलून म्हसा, आणि पुढं जीप. खळ्यांवर भाताची झोडणी चालली होती. शाळेत पोचायला दुपार झाली.

सर पन्नाशी ओलांडलेले, सडपातळ, शर्टाच्या दोन्ही खिशांना पेनं लावलेले. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला. मी मागं जाऊन बघितलं. लाल, हिरवा, लाल, लाल.

मला राग आला. एवढं साधं काम, आणि त्यासाठी तीन गाड्या बदलून मी भलताच भाग घेऊन आले. पण वयानं मोठ्या माणसाला बोलणार काय? मी म्हटलं, "सर, जरा इकडं येता? यातला वेगळा दिवा कोणता?"

सर गुडघ्यावर हात ठेवून वाकले. चष्मा पुसला, पुन्हा वाकले.

"सगळे सारखेच तर आहेत."

त्यांचा चेहरा बघून माझा राग गेला. ते घाईनं बोलत नव्हते. त्यांना खरंच सारखे दिसत होते. आमच्या कोर्सला एक मुलगा असाच होता. त्यानं दोन वायरी उलट जोडल्या, तेव्हा आमच्या शिक्षकांनी समजावलं होतं की काही पुरुषांना लाल आणि हिरव्यातला फरक जन्मापासूनच दिसत नाही. मी हे सरांना सांगितलं. शब्द जपून वापरले, तरी सांगितलं.

सर खुर्चीवर बसले. म्हणाले, "माझी आई मला मिरच्या तोडायला पाठवायची. सांगायची, फक्त लाल झाल्यात त्या आण. मी हिरव्या पण आणायचो. मग ती म्हणायची, तुजं ध्यान नाय रे कामात." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "मलाही तसंच वाटत आलं. की माझं ध्यान नसतं."

मग स्वतःच हसले. लाल पेन उजव्या खिशात आणि निळं डाव्या, असा त्यांचा नेम होता. एकदा दुकानदारानं लालऐवजी हिरवं पेन दिलं आणि त्यांनी अख्ख्या दहावीचे पेपर हिरव्या शाईनं तपासले. हिरव्या शाईनं सही करायची ती मोठ्या सरकारी अधिकाऱ्यांनी, म्हणून तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "गुरुजी, गॅझेटेड कधी झालात?" त्या वेळी सगळे हसले आणि हेही हसले होते, पण घरी जाऊन जेवले नव्हते.

मी कॅबिनेट उघडलं. मेमरीची पट्टी काढली. तिच्या सोनेरी कडेवर काळपट थर आला होता. सरांच्या खणातलं खोडरबर घेऊन ती कड घासली, पट्टी पुन्हा नीट दाबून बसवली. चारही दिवे हिरवे झाले आणि स्क्रीन उजळली. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम.

"पण पुढच्या वेळी मी तुम्हाला काय सांगू?" सरांनी विचारलं.

मी विचार करत होते तेवढ्यात कपाटावर स्नेहसंमेलनाचं सामान दिसलं. रंगमंचाच्या दिव्यांना लावायचे जिलेटिनचे कागद गुंडाळून ठेवले होते. लाल कागदाचा तुकडा कापला, मेमरी मुद्दाम काढून ठेवली, कॉम्प्युटर चालू केला आणि तुकडा सरांना डोळ्यासमोर धरायला लावला. लाल कागदातून लाल दिवा तसाच दिसतो, हिरवा मात्र जवळजवळ मावळतो.

सर बराच वेळ बघत राहिले. कागद बाजूला करत, पुन्हा धरत.

"दुसरा विझला," ते हळूच म्हणाले. "दुसराच वेगळा आहे."

निघताना त्यांनी मला घरच्या कणगीतल्या नव्या तांबड्या साळीचे कांडलेले शेरभर तांदूळ दिले. प्रोसेसरची डबी तशीच पिशवीत परत आली. शहापूरला उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि एका चुकीच्या फेरीनंतर एवढं बरं वाटावं याचं मलाच नवल वाटत होतं.

पुढच्या पावसाळ्यात त्यांचा पुन्हा फोन आला. कागद हातात घेऊनच बसले होते. त्यांनी चार दिव्यांची ओळ सांगितली, मी वहीत बघितलं. डिस्प्ले कार्ड सैल झालं होतं. वीज बंद करायला लावून, कार्ड कुठं असतं आणि कसं दाबायचं ते फोनवरच समजावलं. रिसीव्हरमधून खुडबुड ऐकू आली, मग पुन्हा बटण दाबल्याचा आवाज.

"चारही विझले, मॅडम," सर म्हणाले.

"म्हणजे चालू झाला, सर. समोर येऊन बघा."